तोटी कोण बदलणार?

आपल्याकडे दरवर्षी टेक फेस्ट होतो. पोरं रात्र-रात्र जागून रोबोट बनवतात, ड्रोन उडवतात, 'स्मार्ट वॉटर मॅनेजमेंट'वर पोस्टर लावतात. पोस्टरवर सेन्सर असतो, ॲप असतं, क्लाउड असतो. बक्षीस घेऊन हीच मंडळी रात्री होस्टेलवर येतात, गळक्या नळाखालची भरलेली बादली बाजूला सरकवतात, दुसरी रिकामी लावतात आणि झोपी जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

माझं म्हणणं साधं आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या बाथरूममधली तोटी बदलता आली पाहिजे. मेकॅनिकलवाल्याला, सिव्हिलवाल्याला आणि दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यालासुद्धा. मुलाला आली पाहिजे आणि मुलीला तर आधी आली पाहिजे. आणि ती नुसती यावी एवढंच नाही, होस्टेलमध्ये ती बदलायची जबाबदारी थोडी आपण उचलली पाहिजे. यावर पुष्कळांच्या कपाळावर आठ्या पडतील. पडू द्या. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय भांडायचं ते भांडा.

तोटी म्हणजे नेमकं काय?

परदेशी सिनेमात बाथटब असतो, त्याच्या काठावर चकचकीत तोंडाचा एक मोठा नळ असतो. आपल्या मराठवाड्यात टब कुठला? आपला टब म्हणजे बादली! पण आता आपल्याकडच्या बाथरूममध्येही भिंतीत मिक्सर, वर शॉवर आणि खाली बादलीवर येणारा स्पाउट असतो. त्या स्पाउटच्या डोक्यावर एक बटण असतं. वर ओढलं की खालचं तोंड बंद होतं आणि पाणी शॉवरकडे चढतं. दुकानदार याला 'बटणवाला स्पाउट' किंवा 'टिपटॉन' म्हणतात. आजीच्या भाषेत ती तोटीच.

लातूरच्या आमच्या घरातला स्पाउट गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बदलला. त्याची दुखणी दोन होती. बटण ओढलं तरी अर्धं पाणी खालीच पडायचं आणि शॉवर नुसता थुंकायचा. शिवाय मिक्सर बंद केला तरी थेंब थेंब चालूच. निकेल-क्रोमचा मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलं होतं, आणि तोंडाशी पांढरा खडूसारखा थर जमला होता.

हा पांढरा थर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ईडीटीए टायट्रेशन करून पाण्याचा जडपणा काढला होता ना? रंग बदलला की रीडिंग लिहायचं आणि जर्नल सही करून घ्यायचं, एवढंच आठवतं. तोच जडपणा इथे तोटीच्या तोंडाला चिकटलेला असतो. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. गिझरमध्ये ते तापलं की बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. ते बटणाच्या दांडीवर बसलं की दांडी अडकते, रबराच्या रिंगवर बसलं की रिंग घासून झिजते. लिंबाच्या फोडीनं किंवा व्हिनेगरनं थर निघतो, पण झिजलेली रिंग काही परत भरून येत नाही.

आई म्हणाली, "अगं तू कशाला हात घालतीस? चाचाला फोन लावते." चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले प्लंबर. ते नेमके लग्नाला परगावी गेलेले. मग मीच फोन घेतला. चाचा हसले. म्हणाले, "बेटा, आधी मेन कॉक बंद कर. मग बोल."

तिथून पुढची वीस मिनिटं माझ्या चार वर्षांतल्या चांगल्या लेक्चरपैकी एक होती. मेन कॉक बंद करून नळ उघडा ठेवायचा, म्हणजे पाईपातलं उरलेलं पाणी निघून जातं. मग स्पाउटच्या पोटाखाली बघायचं, एखादा बारीक स्क्रू दिसतो का? दिसला तर तो ॲलन कीनं सैल करून स्पाउट सरळ ओढायचा. नसला तर तो आट्यांचा, म्हणजे फिरवून काढायचा. आमचा आट्यांचा होता. फडकं गुंडाळायचं, पाना लावायचा आणि डावीकडे हळूहळू जोर द्यायचा. "झटका नको मारू," चाचा म्हणाले, "भिंतीतला एल्बो फिरला तर टाईल फोडावी लागते." तीनशेच्या कामाचं तीन हजाराचं काम होतं ते असं.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते या सगळ्या लेखाचं मूळ आहे. "बेटा, स्पाउट बदलला की बटण नीट होईल. थेंब नाही थांबायचा. थेंब तिथून येतच नाही."

बरोबर आहे. स्पाउट म्हणजे नुसतं तोंड. पाणी अडवायचं काम त्याचं नाहीच. ते काम मागच्या मिक्सरमधल्या स्पिंडलचं आणि त्याच्या टोकाला बसवलेल्या वॉशरचं. पण थेंब तोंडातून पडताना दिसतो, म्हणून माणूस तोंड बदलतो. नवा कोरा स्पाउट लावून घरी तोच जुना थेंब बघत बसलेली माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली. दिसतं एकीकडे, दुखणं दुसरीकडे. आपल्या सगळ्या विषयांत, डीबगिंगपासून बीम डिझाइनपर्यंत, हाच तर धडा आहे. फॉल्ट जिथे दिसतो तिथे नसतो, त्याच्या वरच्या अंगाला शोधायचा असतो.

अर्धा इंच, जो अर्धा इंच नसतो

जुना स्पाउट पिशवीत घालून मी गंजगोलाईत गेले. दुकानदारानं विचारलं, "ताई, अर्धा इंची का पाऊण? बसवणार कोण?" म्हटलं अर्धा इंची, आणि मीच. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा पिशवीकडं बघितलं आणि मुकाट्यानं माल काढला.

आता ही गंमत बघा. 'अर्धा इंची' आट्यावर व्हर्निअर लावलं तर बाहेरचा व्यास भरतो जवळजवळ २१ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७. मग हा अर्धा इंच कुठला? तो जुन्या लोखंडी पाईपाच्या आतल्या भोकाचा. पाईप बदलले, जीआय गेले, सीपीव्हीसी आले, भिंतीची जाडी बदलली, पण नाव तेच राहिलं. एका इंचात १४ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. हा ५५ अंश जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ साली ठरवून दिलेला आहे. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असायचा, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. आज लातूरच्या दुकानात घेतलेला स्पाउट नांदेडच्या भिंतीतल्या निप्पलवर बिनबोभाट बसतो, त्याच्यामागे हे एवढं मोठं काम आहे. अमेरिकेतल्या पाईपाचा आटा ६० अंशांचा. अर्ध्या इंचात तिथंही इंचाला १४च आटे. म्हणून तिकडून कुणी काकांनी आणलेला शॉवर आपल्या पाईपावर चढल्यासारखा वाटतो आणि नंतर गळत राहतो. मशीन ड्रॉइंगच्या पेपरात थ्रेडचे प्रकार पाच मार्कांना पाठ करून लिहिले होते. त्याचा अर्थ तोटी हातात घेतल्यावर कळला.

टेफ्लॉनची टेपही अशीच. १९३८ साली रॉय प्लंकेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजच्या गॅसवर काम करत होता, आणि सिलिंडरमध्ये त्याला भलतीच मेणचट पांढरी पूड सापडली. तीच आज प्लंबरच्या खिशात असते. आपल्या आजोबांच्या वेळी सूत आणि सफेदा लावायचे. टेप गुंडाळायची दिशा मात्र चुकवायची नाही. निप्पलच्या तोंडाकडं बघत घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळायची, म्हणजे स्पाउट आवळताना ती आट्यात घट्ट बसते. उलटी गुंडाळली तर ती उलगडून गोळा होते.

नवा स्पाउट बसला, बटण टकाटक चालायला लागलं. मग चाचांच्या सांगण्याप्रमाणे मिक्सरचं थंड बाजूचं डोकं काढलं, स्पिंडल बाहेर काढला. वॉशरवर नखाएवढी खोल गोल खाच पडली होती. झिजलेल्या वॉशरनं पाणी थांबत नाही म्हणून आपण आणखी जोर लावून पिळतो, त्यानं वॉशर आणखी कापला जातो, आणि तो पुरता गेला की खालच्या पितळेच्या बैठकीलाच चरे पडतात. आमची बैठक शाबूत होती. वॉशर बदलला. थेंब थांबला. वॉशरची किंमत? दहा रुपये.

हा फिरवून दाबायचा नळ काही आजचा नाही. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या ओतकाम कारखान्यानं १८४५ साली तो काढला. आधी चामड्याचा वॉशर असायचा, पुढं रबर आलं, आता चकत्या फिरवणारं सिरॅमिक कार्ट्रिज आलं. पण होस्टेलच्या नळात अजून मुख्यतः तीच जुनी यंत्रणा आहे: एक स्क्रू, एक वॉशर, एक बैठक. एवढी सोपी गोष्ट उघडून बघायचं धाडस आपल्यात नसेल तर टर्बाईन आपण कशाच्या जोरावर उघडणार?

आता होस्टेलवर या

होस्टेलमध्ये नळ का गळतात? "कॉन्ट्रॅक्टर चोर आहे," हे तयार उत्तर. चोर असेलही, मला माहीत नाही. पण थोडं इंजिनिअरसारखं बघू.

पहिलं, दाब. टाकी गच्चीवर. तळमजल्याच्या नळावर समजा पंधरा मीटर पाण्याचा स्तंभ आहे, म्हणजे दीड बारच्या आसपास. सगळ्यात वरच्या मजल्यावर तोच तीन मीटर. वॉशरमध्ये सारखीच फट असली तरी वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे तळमजल्याचा नळ वरच्यापेक्षा सव्वादोन पट गळणार. म्हणून वरच्या मजल्यावरच्या पोरी 'पाणी येत नाही' म्हणून ओरडतात आणि खालच्या 'नळ बंद होत नाही' म्हणून. दोघींची तक्रार एकाच टाकीची आहे.

दुसरं, पाणी. बोअरचं जड पाणी वॉशरला कानस लावल्यासारखं खातं.

तिसरं, आपण. पितळेची तोटी लावली की ती भंगारात जाते. कोण नेतं, देव जाणे. म्हणून मग प्लास्टिकची लावतात. प्लास्टिकच्या तोटीवर ओले कपडे टांगणारे, बादली अडकवणारे आणि बंद होत नाही म्हणून लाथ मारणारे कोण? बाहेरून येतात का?

चौथी गोष्ट फक्त मुलींना माहीत आहे. लेडीज होस्टेलमध्ये प्लंबर येणार म्हणजे आधी रेक्टर मॅडमची परवानगी, मग मॅडम किंवा मावशी सोबत हव्यात, मग वेळ अशी हवी की पोरी कॉलेजात असतील. तीनही गोष्टी जुळेपर्यंत आठवडा जातो. नियम का आहेत ते कळतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गळणारा नळ नियम बघून थांबत नाही ना! शिवाय पाना हातात घ्यायची सवय मुलीला घरी कुणी लावलेलीच नसते. "भाऊ येईल, तो बघेल." भाऊ येतो, तोही बघतोच नुसता.

तर आमच्या मजल्यावर काय झालं ते सांगते. पश्चिमेकडच्या बाथरूममधला एक नळ पंधरा-वीस दिवस गळत होता. तक्रारवहीत आठ वेळा लिहिलेलं: 'नळ गळतो.' 'नळ गळतो.' 'नळ अजून गळतो!!!' उद्गारचिन्हं वाढत गेली, फरक शून्य. मग आम्ही दोघींनी एक लिटरची बाटली त्याखाली धरली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांत बाटली भरली. म्हणजे तासाला तीन लिटर, दिवसाला ७२ लिटर, वर्षाला २६ हजार २८० लिटर. वहीत तेच लिहिलं: पश्चिम बाथरूम, दुसरा नळ, दिवसाला ७२ लिटर, वॉशर बदलणे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही घेऊन आम्हाला बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "हे कसं मोजलं?" तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला.

रडगाणं आणि रीडिंग यातला फरक ऑफिसलाही कळतो. आपण इंजिनिअर म्हणवतो, तर तक्रारसुद्धा युनिट लावून करावी.

वाघिणीचा हिशोब

आता हा ७२ आकडा मला का झोंबतो ते सांगते. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असं आपल्याकडचं मानक आहे. म्हणजे एक गळका नळ अर्ध्याहून जास्त माणसाचं पाणी पितो. पण मी लातूरची आहे, माझ्यासाठी हा हिशोब मानकावर थांबत नाही.

२०१६ साली मी प्राथमिक शाळेत होते. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्च महिन्यात टाक्यांपाशी आणि टँकरपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात १४४ कलम लावलं होतं. पाण्यासाठी जमावबंदी! दंगलीसाठी लावायचे ते कलम घागरींच्या रांगेला लागलं. मग एप्रिलमध्ये रेल्वेनं पाणी आलं. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात टँकरच्या वाघिणी वाफेनं धुऊन काढल्या, मिरजेत त्यात कृष्णेचं पाणी भरलं आणि सुमारे ३४० किलोमीटर लांबून ते लातूरला आणलं. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पोचली. दहा वाघिणी, एकेकीत साधारण ५० हजार लिटर, एकूण पाच लाख. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. 'जलदूत' तिचं नाव. देशभरातले कॅमेरे आमच्या स्टेशनवर आले होते.

आता गुणाकार करा. आमच्या मजल्यावरच्या त्या नळासारखे दोन नळ वर्षभर गळले की एक वाघीण भरते. वीस नळ गळले की ती पहिली अख्खी गाडी, जिच्यासाठी लोक रात्रभर स्टेशनवर जागे होते, ती आपल्या मोरीतून वाहून जाते. आपल्या सगळ्या होस्टेलांत मिळून गळके नळ वीसच आहेत असं कुणी छातीठोक सांगेल का?

"पण..."

हे वाचून येणारे 'पण' मला माहीत आहेत, कारण मेसमध्ये रोज ऐकते.

एक: "पाणी काय नळानं संपलं का? ऊस बघ किती पितो!" खरं आहे. मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न हा पीकपद्धतीचा, धरणांच्या नियोजनाचा, जुन्या गळक्या पाईपलाईनींचा प्रश्न आहे. होस्टेलचे सगळे नळ दुरुस्त केले म्हणून मांजरा भरणार नाही, हे मी मान्य करते. पण ऊस माझ्या हातात नाही, वॉशर आहे. आणि हातातलं दहा रुपयांचं काम ज्यानं केलं नाही, त्यानं उसावर भाषण ठोकलं तर 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' अशीच गत होते. उद्या यातलेच काही जण पाटबंधारे खात्यात, महापालिकेत, जीवन प्राधिकरणात बसणार आहेत. तिथे गळती नळाची नसेल, मुख्य वाहिनीची असेल. ती मोजायची सवय कुठे लागणार?

दोन: "आता कुठंय दुष्काळ? धरणं तर भरलीत की!" २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं हाहाकार केला, शेतं वाहून गेली, हे आपण डोळ्यांनी बघितलं. आणि २०१६ लाही तेच झालं होतं. ज्या वर्षी रेल्वेनं पाणी आणलं त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरलं. आपला मुलूख हा असाच आहे: कधी टँकर, कधी पूर. नांदेडला गोदावरी दारात आहे, विष्णुपुरीचं पाणी आहे, म्हणून इथल्या मित्रांना लातूरकरांचा हा 'पाण्याचा किडा' जरा जास्तच वाटतो. "तुमच्या लातूरवाल्यांचं सगळं थेंबापासून सुरू होतं बे," असं एकीनं मला ऐकवलंय. ऐकून घेतलं. नदी दारात असली तरी टाकीत पाणी पंपानं चढतं, पंप विजेवर चालतो आणि विजेचं बिल येतं. मोरीत गेलेल्या प्रत्येक लिटरला गच्चीपर्यंत चढवायचा खर्च आधीच झालेला असतो.

तीन: "आपणच तोट्या बदलल्या तर प्लंबरच्या पोटावर पाय नाही का?" हा 'पण' मला आवडतो, कारण तो दुसऱ्याचा विचार करतो. पण चाचांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वॉशरच्या कामाला मला बोलवतात, घासाघीस करतात आणि शंभर रुपये टेकवतात. माझा अर्धा दिवस जातो. ज्याला पाना धरता येतो त्याला माझ्या कामाची किंमत कळते." मला वाटतं, खरी गोष्ट ही आहे. आपल्याकडे हातानं काम करणाऱ्याला कमी लेखायची जुनी खोड आहे. 'ए नळवाला' म्हणून हाक मारणाऱ्यानं एकदा स्वतः उकिडवं बसून गंजलेला आटा सोडवून बघावा. पुढच्या वेळी आपोआप 'काका' म्हणेल.

चार: "ही ऑफिसची जबाबदारी आहे, आम्ही फी भरतो." भरतो ना. म्हणून तर सामान ऑफिसनं द्यावं असं मी म्हणतेय. पण खोलीतला पंखा चालू ठेवून गेलो की 'फी भरतो', नळ गळला की 'फी भरतो'. फी भरली म्हणजे पाणी विकत घेतलं असा अर्थ कुठल्या पावतीवर छापलाय?

एक म्हातारा आणि ४१४ नळ

हे सगळं एकट्या-दुकट्यानं करून काय होतं, असं वाटत असेल तर मिरा रोडचं उदाहरण घ्या. आबिद सुरती हे लेखक, चित्रकार, व्यंगचित्रकार. 'बहादूर' या कॉमिक्सचे जनक. २००७ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केलं. नाव मोठं, माणसं मोजकी. दर रविवारी एक प्लंबर आणि एक मदतनीस सोबत घ्यायचा, एक इमारत निवडायची, दारं वाजवायची आणि विचारायचं, नळ गळतो का? गळत असेल तर फुकट दुरुस्त करून द्यायचा. हिंदी साहित्यासाठी मिळालेल्या एक लाखाच्या पुरस्काराची रक्कम त्यांनी यात घातली. पहिल्याच वर्षात १,६६६ घरं झाली आणि ४१४ गळके नळ बंद झाले.

म्हणजे साधारण चार घरांत एक नळ गळका. तोही शिकल्या-सवरलेल्या लोकांच्या फ्लॅटमध्ये. त्यांना दहा रुपयांचा वॉशर परवडत नव्हता का? परवडत होता. पण एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही, आला तर महाग पडतो, आणि स्वतःला येत नाही. नेमकी हीच तीन कारणं आपल्या होस्टेलची आहेत. फरक एवढाच, की त्यांच्या इमारतीत इंजिनिअरिंगचे चारशे विद्यार्थी राहत नव्हते.

मग करायचं काय?

भाषण पुरे. माझ्या मागण्या चार आहेत. पहिल्या दोन स्टाफकडे, पुढच्या दोन आपल्याकडे.

एक. प्रत्येक मजल्यावर एक पेटी द्यावी. त्यात एक पाना, एक पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर, टेफ्लॉनची चार बंडलं आणि अर्धा इंची वॉशर दोन डझन. सगळं मिळून हजाराच्या आसपास बसेल. किल्ली फ्लोअर रिप्रेझेंटेटिव्हकडे, हिशोब वहीत. आणि मजल्याचं पाणी कुठून बंद होतं त्या कॉकवर रंगानं नंबर टाकावा. सध्या तो कुठला हे एका वॉचमनकाकांना सोडून कुणालाच माहीत नाही. ते रजेवर गेले की सगळं राम भरोसे.

दोन. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण फिटिंगचा जॉब करतो. दोन तुकडे कानसून एकमेकांत बसवतो आणि सबमिशननंतर ते भंगारात जातात. तो जॉब राहू द्या, कानस धरायला शिकवतो. पण एक टर्न नळाचा ठेवा. जुना नळ उघडायचा, भागांची नावं सांगायची, वॉशर बदलायचा आणि पाण्याखाली टेस्ट करून दाखवायचा. वर्कशॉपचे मामा हे आपल्यापेक्षा दहा पट चांगलं शिकवतील.

तीन. तक्रार मोजून लिहायची. बाटली आणि मोबाईलमधलं घड्याळ प्रत्येकीकडे आहे. जागा, नळ, किती मिनिटांत किती लिटर. 'नळ गळतो' एवढीच नोंद यापुढे कुणी करू नये.

चार. महिन्यातून एका रविवारी, नाश्त्यानंतर, दोघा-दोघांनी आपला मजला फिरायचा. वॉशरचं काम असेल तर तिथेच करायचं. भिंतीतलं, मिक्सरचं, पाईपाचं काम असेल तर हात लावायचा नाही, वहीत लिहायचं, ते प्लंबरकाकांचं. आणि मेन कॉक बंद केल्याशिवाय पाना उचलायचा नाही. हे मोठ्या अक्षरात पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा, नाही तर मजला धुऊन निघेल!

आमच्या मजल्यावर सात जणींनी या कामासाठी नावं दिली आहेत. त्यातल्या चौघींनी आजवर पाना हातात धरलेला नाही. उरलेल्या मजल्यांचं आणि मुलांच्या होस्टेलचं काय ते तुम्ही ठरवा. मुलांच्या होस्टेलमध्ये तर म्हणे मेकॅनिकलच्या पोरांचा अख्खा एक मजला आहे. पहिल्या रविवारी बघू, कुणाच्या मजल्यावर किती लिटर वाचतं ते. मोजून सांगा मात्र, अंदाजे नको.